नरनाळ्याचे शक्कर तळे

तळे म्हटले की आपल्या घरांत पहिले नाव निघते ते महाडच्या चवदार तळ्याचे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ही गोष्ट आपल्या लेकरांना शाळेत जाण्याआधीच पाठ असते. आज आम्ही ज्या तळ्याविषयी लिहीत आहोत ते इतक्या मोठ्या नावाचे नाही. अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या एका डोंगरावर नरनाळा नावाचा जुना किल्ला आहे. त्याच्या माथ्यावर हे तळे असून लोक त्याला शक्कर तलाव म्हणतात. निसर्गाने केलेले नव्हे, माणसांनी पाणी अडवून केलेले. मंगरूळपीरहून पहाटे निघाले तर एसटीने आणि पुढे जीपने जाऊन, तळे पाहून, रात्री घरी परत येता येते. आम्ही वस्तीतली वीस माणसे गेल्या जानेवारीत जाऊन आलो. कसे गेलो, काय पाहिले आणि त्यावरून काय बोलणे झाले ते वाचक बंधू-भगिनींना सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

विषय निघाला तो महिला मंडळाच्या बैठकीत. वर्षावासातील ग्रंथवाचन संपले होते आणि हिशेब वाचून झाला होता. तेवढ्यात एक भगिनी म्हणाल्या, "आपण दरसाली नागपूरले दीक्षाभूमीवर जातो, जमलं त साहा डिसेंबरले मुंबईले जातो. ते त आपलं कर्तव्यच हाय. पण नुसतं पाहाले म्हणून आपण कुठं गेलो सांगा बरं?" बैठकीत शांतता पसरली. मग एकेकीने सांगायला सुरुवात केली. कुणी माहेर आणि सासर सोडून तिसरे गाव पाहिले ते दवाखान्यासाठी. कुणी सोयाबीन सोंगायला टोळीबरोबर परजिल्ह्यात गेली, तेवढाच तिचा प्रवास. साठी गाठलेल्या बाईने बोटीत बसणे सोडा, मोठे तळेसुद्धा जवळून पाहिलेले नव्हते.

१९५६ नंतर आपल्या मायबापांनी जत्रा-यात्रा सोडल्या, ते योग्यच केले आणि त्याबद्दल आमच्या मनात यत्किंचितही शंका नाही. परंतु त्या जत्रेच्या निमित्ताने बाई चार दिवस घराबाहेर पडत असे, नदी पाहत असे, बांगड्या भरत असे, मोकळे हसत असे. अंधश्रद्धा गेली त्याबरोबर हेही गेले, आणि त्याच्या जागी आम्ही कार्यकर्त्यांनी बायांसाठी काही ठेवले नाही. पुरुषांना मोर्चा आहे, अधिवेशन आहे, चहाची टपरी आहे. बाईला काय?

अर्थात विरोधही झाला. विहाराच्या कामात उभी हयात घालवलेले एक ज्येष्ठ समाजबांधव म्हणाले की विहाराच्या आवाराची भिंत अर्धवट राहिली आहे, जानेवारीत तूर सोंगायला आलेली असते, एका दिवसाची मजुरी बुडवून डोंगरावरचे पाणी पाहायला जाणे हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे. त्यांचा आम्ही मान राखतो, पण त्यांचे हे म्हणणे आम्हाला पटले नाही आणि आजही पटत नाही. भिंत आज ना उद्या बांधून होईल. शेवटी असे ठरले की विहाराच्या निधीला हात लावायचा नाही, प्रत्येकीने आपापल्या बचतीतून पैसे आणायचे, आणि ज्या भगिनीला जमणार नाही तिचे मंडळाने सांभाळून घ्यायचे. चौदा महिला, शाळेत जाणाऱ्या तीन मुली, एक निवृत्त गुरुजी, आमच्या सौभाग्यवती आणि आम्ही, असे वीस जण तयार झाले.

नरनाळाच का, असे काहींनी विचारले. एक तर जवळ. आमचा तालुका १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा वेगळा होईपर्यंत अकोला जिल्ह्यातच होता, त्यामुळे अकोला म्हणजे अजूनही आम्हाला घरचेच वाटते. दुसरे, चिखलदऱ्याला मुक्काम करावा लागतो, आणि मुक्काम म्हटला की खर्च दुप्पट. तिसरे कारण म्हणजे आमच्या मंडळातल्या एक मावशी. त्यांच्याविषयी पुढे येईलच.

आता वाट सांगतो. मंगरूळपीरहून अकोल्याची गाडी शेलूबाजार, महान, बार्शिटाकळी अशी जाते. अंतर सत्तर किलोमीटरच्या आत-बाहेर. पहाटेच्या पहिल्या गाडीने निघावे, नाहीतर परतीला उशीर होतो. शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग जातो. आमची लालपरी त्याच्या वाटेला न जाता आपल्या जुन्या रस्त्याने गचके देत पुढे गेली. २०२३ च्या मार्चपासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले आहे, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून प्रवास मोफत आहे. त्यासाठी आधार कार्ड जवळ ठेवावे. मावशींना कंडक्टरने कार्ड पाहून शून्य रुपयांचे तिकीट दिले. मावशींनी ते पदराच्या गाठीत बांधले आणि म्हणाल्या, "बिनपैशाचं असलं तरी तिकीट त हाय ना."

महानला काटेपूर्णा धरण आहे. अकोला शहर याच धरणाचे पाणी पिते. खिडकीतून मुली बाहेर पाहत होत्या तेव्हा गुरुजींनी त्यांना सांगितले की बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि देशातल्या मोठ्या नद्यांचे पाणी अडवण्याच्या योजना त्यांच्या खात्याकडे होत्या. दामोदर खोऱ्याच्या योजनेची आखणी त्याच काळातली. मुलींना महाड ठाऊक होते, हे नवीन होते. आम्ही वाचकांनाही सुचवतो की हा भाग मुलांना जरूर सांगावा.

अकोल्याहून अकोट साधारण पंचेचाळीस किलोमीटर. बसगाड्या पुष्कळ आहेत. मध्ये गांधीग्रामजवळ पूर्णा नदी लागते. तिथल्या इंग्रजी अमदानीतल्या पुलाला तडा गेल्यामुळे २०२२ च्या ऑक्टोबरात त्यावरची वाहतूक बंद करावी लागली आणि लोकांचे अतोनात हाल झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अकोला ते अकोट मोठ्या रुळाची रेल्वे सुरू झाली. खांडव्याला जाणारी जुनी मीटरगेज गाडी २०१७ च्या सुरुवातीला बंद पडली होती, तिचा हा अकोटपर्यंतचा तुकडा नव्याने बांधला गेला. रेल्वेने जायचे असेल तर अकोला स्थानकावर आधी वेळ विचारून घ्यावी, कारण पुढच्या जीपचा मेळ बसायला हवा.

या रस्त्यावर एक गोष्ट डोळे उघडे ठेवून पाहण्यासारखी आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. जमीन काळीभोर, पाहून कोणालाही हेवा वाटावा अशी. पण खाली विहीर खणली की पाणी खारट. पिण्याला चालत नाही आणि शेताला दिले तर जमीन बिघडते. त्या पाण्याने मूत्रपिंडाचे आजार जडतात अशी तिथल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची तक्रार आहे. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या खेड्यांना वान धरणाचे गोडे पाणी नळाने द्यावे म्हणून चौऱ्याऐंशी खेडी योजना करावी लागली. आमच्या डब्यातल्या पोळीबरोबर पाणी पिता पिता एका भगिनीने विचारले की इतकी चांगली जमीन आणि पाणी असे, मग इथल्या बाया काय करत असतील? आमच्या मंगरूळकडे उन्हाळ्यात पाणी आटते, पण असते तेव्हा गोड तरी असते. त्या खाऱ्या मुलखातून पुढे जाऊन डोंगरावर जे तळे दिसते त्याला लोकांनी शक्कर, म्हणजे साखर, असे नाव दिले आहे. आम्हाला ते नाव इथून गेल्यावर अगदी योग्य वाटले.

अकोटहून पुढे एसटीच्या भरवशावर राहू नये. स्थानकाबाहेर जीप मिळतात. दहा-दहा माणसांच्या दोन जीप आम्ही परतीच्या बोलीवर ठरवल्या. पोपटखेडवरून शहानूरला जायचे. पोपटखेडला पायथ्याशी धरण आहे. तिथून सातपुडा भिंतीसारखा समोर उभा राहतो. शहानूरला वन विभागाचे फाटक आहे. नरनाळा १९९७ मध्ये अभयारण्य झाले आणि ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, म्हणून नोंद करून, शुल्क भरून, सोबत मार्गदर्शक घेऊनच वर जाता येते. शुल्क वेळोवेळी बदलते म्हणून इथे रुपये छापत नाही. निघण्याआधी अकोटच्या वन्यजीव विभागाच्या कचेरीत चौकशी करावी, विशेषतः पावसाळ्यात प्रवेश चालू आहे की नाही याची. प्लॅस्टिकची पिशवी नेऊ नये, पाणी घरून आणावे, आणि सूर्य मावळण्याच्या पुष्कळ आधी खाली उतरावे. जंगलात वाघ, बिबट, अस्वल आहे.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून असल्यामुळे हिशेबाची रीत मात्र सांगतो. एसटीचे भाडे डोक्यागणिक, जीपचे भाडे गाडीगणिक. त्यामुळे माणसे कमी तर जीप अंगावर येते. आमच्या हिशेबात सर्वांत मोठा आकडा जीपचाच निघाला. दहाच्या पटीत माणसे जमवली तर प्रत्येकाला परवडते. जेवण घरचे. आम्ही भाकरी, झुणका, तिळाची चटणी आणि कांदे नेले होते.

अकोट तालुक्यात आणखी एक गोष्ट आहे ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मेळघाटच्या गाभ्यातून उठवलेली केलपाणी, गुल्लरघाट, धारगड, अमोना अशी कोरकूंची गावे या सपाटीवर आणून वसवली आहेत. जमीन, पाणी, दवाखाना नीट मिळाला नाही म्हणून त्या लोकांनी आंदोलन केले, २०१९ च्या जानेवारीत अनेक कुटुंबे पुन्हा जंगलातल्या आपल्या जागी गेली, आणि तेव्हा वन कर्मचाऱ्यांशी मोठा संघर्ष झाला. आपण ज्या डोंगरात सहलीला जातो त्याच डोंगरांतून ही माणसे खाली आली आहेत. जीपमध्ये गाणी चालली होती, ती हे ऐकून थोडा वेळ थांबली.

फाटकापासून वर घाटाचा रस्ता आहे. साग, तेंदू, मोह, पळस. तेंदूची पाने पाहून दोघी-तिघींनी पाने तोडायच्या दिवसांच्या आठवणी काढल्या. किल्ल्याचे दरवाजे एकामागून एक लागतात. त्यातला महाकाली दरवाजा पाहण्यासारखा आहे. दगडावर कोरलेली कमळे आहेत, सज्जे आहेत आणि १४८७ सालचा शिलालेख आहे. बहमनी राज्याचा तो शेवटचा काळ, आणि इथला कारभारी होता फतेहउल्ला इमादउल्मुल्क, ज्याने पुढे वऱ्हाडची इमादशाही स्थापन केली. नंतर हा किल्ला मोगलांकडे आणि त्यानंतर नागपूरकर भोसल्यांकडे गेला. गुरुजींनी हे सर्व मुलींना वहीत लिहून घ्यायला लावले. आम्हाला राजेरजवाड्यांत फारसा रस नाही, तेव्हा इतके पुरे.

दरवाजातून आत गेल्यावर डोंगराचा माथा विस्तीर्ण आहे. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंची. जानेवारीची थंडी, उन्हाला धार नाही. राणी महाल म्हणतात ती इमारत, नऊगजी तोफ, आणि लोक ज्यांना तेल-तुपाच्या टाक्या म्हणतात ती दगडी टाकी, हे सर्व मार्गदर्शक मुलाने दाखवले. तोफेवर हात ठेवून मुलींनी फोटो काढले. आणि मग झाडांच्या आडून एकदम ते पाणी दिसले.

खरे सांगायचे तर ते फार मोठे नाही. काटेपूर्णा धरण पाहून आलेल्याला ते लहानच वाटेल. पण नऊशे मीटर उंचीवर, जिथे वरून कोणती नदी येत नाही, झरा फोडून आणायला त्याहून उंच डोंगर नाही, तिथे निवांत पसरलेले ते पाणी पाहून बाया गप्पच झाल्या. काठावर जुने दगड, पाण्यात आभाळ. कोणी मोठ्याने बोलेना. आमच्या सौभाग्यवती चपला काढून एका दगडावर बसल्या आणि पुष्कळ वेळ उठल्या नाहीत. पाण्यात कोणी उतरले नाही. तशी ताकीदच होती, आणि जंगली जनावरांचे ते पिण्याचे पाणी आहे.

मावशी मात्र बसल्या नाहीत. मावशींचे वय पंच्याहत्तरीच्या पुढे. १९७२-७३ च्या दुष्काळात आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे त्यांनी रोजगार हमीच्या कामावर माती वाहिली. आमच्याच तालुक्यात त्यांच्या माहेरच्या गावाच्या वर, माळावर जो पाझर तलाव आहे तो ज्या हातांनी झाला त्यांत मावशींचे दोन हात होते. त्या काठाकाठाने चालू लागल्या, मधून मधून थांबून जमिनीचा उतार पाहू लागल्या. आम्ही आणि मुली मागे मागे.

"बापू, पाय," त्या आम्हाला म्हणाल्या, "वरतून नदी नाई, नाला नाई. मंग पानी कुठून येते? पडते तेवढंच. साऱ्या माथ्यावरचं पानी जिकडं उतरून येते तिकडंच तळं धरलं. ही जागा निवडणारा मानूस हुशार होता."

मुलींनी विचारले की तळे बांधतात म्हणजे नेमके काय करतात. तेव्हा मावशींनी खाली बसून काडीने मातीत रेघा ओढून सांगितले. पाळीच्या मधोमध आधी खोल चर खणायचा. त्यात काळी चिकण माती भरायची, थोडी थोडी, पाणी मारत, धुम्मसाने कुटत. एकदम भरली की पोकळ राहते आणि पहिल्याच पावसाळ्यात पाळ पाझरते. त्या काळ्या मातीच्या गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरूम. पाण्याच्या बाजूने दगड रचायचे, म्हणजे लाटांनी माती ढासळत नाही. आणि एका अंगाला सांडवा ठेवायचाच, कारण भरलेले पाणी पाळीवरून गेले की पाळ गेली. हेही त्यांनी सांगितले की त्यांचा तलाव पाझराचा, म्हणजे पाणी मुद्दाम जमिनीत मुरावे आणि खालच्या विहिरींना उतरावे यासाठी बांधलेला. गडावरचे तळे साठवणीचे. दोन्हींची रीत वेगळी. नववीतली मुलगी म्हणाली, "आजी, हे आमच्या भूगोलाच्या पुस्तकात नाही." मावशी म्हणाल्या, "पुस्तकात कसं राहीन माय? पुस्तक लिवनारा टोपलं घेऊन आलता का?"

मग त्यांनी हजेरीची गोष्ट काढली. आठवड्याला हप्ता वाटायचा. मावशींनी आठ दिवस माती वाहिली तर कागदावर सहाच दिवस मांडलेले निघायचे. विचारले तर उत्तर मिळायचे की अंगठा तर तूच दिला आहेस. मावशींना तेव्हा वाचता येत नव्हते. आम्ही नोकरीत काही वर्षे हजेरीपटाचेच काम केले आहे, त्यामुळे हे ऐकताना आमचे लक्ष पाण्याकडे राहिले नाही. हजेरीपट हा फार साधा कागद. नाव, दिवस, सही किंवा अंगठा. पण तेवढ्याच कागदावर एखाद्या बाईने अमुक दिवशी अमुक तलावावर काम केले याची नोंद असते, दुसरीकडे कुठेच नसते. सरकारी दप्तरात प्रत्येक कागदाची मुदत ठरलेली असते आणि मुदत संपली की तो नष्ट केला जातो. मावशींच्या गावच्या तलावाचे हजेरीपट कधीच गेले असणार. शिलालेख मात्र १४८७ चा अजून वाचता येतो. म्हणून आम्ही गुरुजींना विनंती केली आणि त्यांनी परत येताना गाडीत मावशींकडून त्या तलावावर बरोबर काम केलेल्या बायांची नावे विचारून वहीत उतरवली. मावशींना एकतीस नावे आठवली. बहुतेक जणी आता हयात नाहीत.

तळ्याच्या परिसरात एका अवलियाचा दर्गा आहे. ते वाघावर स्वार होत अशी श्रद्धा आहे. आमच्या गावाच्या नावातच पीर आहे आणि हजरत हयात कलंदरांच्या दर्ग्याभोवती सर्व जातिधर्मांची माणसे आम्ही लहानपणापासून पाहत आलो, तेव्हा कोणाच्या श्रद्धेची थट्टा करण्याचा आमचा स्वभाव नाही. परंतु पिसाळलेला कुत्रा चावला तर उतारा म्हणून लोक पूर्वापार या गडावर येत आले आहेत, आणि याबाबत स्पष्ट बोललेच पाहिजे. कुत्रा चावला की जखम लगेच साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. रेबीजची लस तिथे मोफत मिळते, आणि सांगितलेली सर्व इंजेक्शने पूर्ण घ्यावीत. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की कोणताही उपाय जवळपास चालत नाही. मग गड पाहायला यावे, तळे पाहायला यावे, कोणी अडवत नाही.

जेवण आम्ही तळ्यापासून दूर, मार्गदर्शकाने दाखवलेल्या जागी केले, कारण वानरे फार. त्रिसरण-पंचशील घेऊन डबे उघडले. तीन वाजता खाली उतरायला सुरुवात केली. परतीला अकोल्यात गाडीसाठी बराच वेळ थांबावे लागले. ज्यांच्याबरोबर लहान मुले असतील त्यांनी हे ध्यानात ठेवून दोन पोळ्या जास्त घ्याव्यात. मंगरूळला पोहोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चौघी जणी तूर सोंगायला गेल्याही.

पुढची गोष्ट आम्हाला अपेक्षित नव्हती. आठ दिवसांनी मावशी आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बापू, एक अर्ज लिहून दे." माहेरचा तो पाझर तलाव गाळाने भरत आला आहे. दर पावसाळ्यात माळावरची माती वाहून येते आणि तळाशी बसते, पाणी मुरत नाही, खालच्या विहिरी लवकर आटतात. हे त्यांना पूर्वीपासून दिसत होते, पण गडावरचे तळे पाहून आल्यापासून त्यांच्या मनातून ते जाईना. गाळ काढून तो शेतकऱ्यांनी आपल्या शेतात न्यावा अशी शासनाची योजना आहे, "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" या नावाने ती २०१७ मध्ये सुरू झाली. आम्ही अर्ज लिहिला. तलाव कोणत्या कामातून झाला, त्यावर कोणत्या बाया होत्या, हेही त्यात घातले. गुरुजींच्या वहीतली एकतीस नावे परिशिष्ट म्हणून जोडली. अशी नावे अर्जाला जोडायची पद्धत नाही, तरी जोडली.

मावशींच्या भाच्याने ग्रामसभेत विषय मांडला आणि ठराव झाला आहे. अर्जाची पोच शिक्क्यासह आमच्याकडे आहे. सध्या गावात वाद चालला आहे तो पाळीवर उगवलेल्या बाभळींचा. मावशी म्हणतात की मुळे पाळीत शिरून वाट करतात, पाणी तिथूनच फुटते, म्हणून गाळाला हात लावण्याआधी बाभळी काढा. काही शेतकरी म्हणतात की तीच मुळे माती धरून आहेत. येत्या रविवारी मावशी स्वतः पाळीवर जाऊन दाखवणार आहेत, आणि आम्हालाही त्यांनी बरोबर बोलावले आहे.